लिंगभाव-समावेशक शाळा कशी घडवावी: गोव्यातील शिक्षकांसाठी मार्गदर्शक

नव्याने मुख्याध्यापकपद स्वीकारलेल्या किंवा पहिल्यांदाच वर्ग हाती घेतलेल्या शिक्षकांच्या कानी ‘लिंगसमभाव’ हा शब्द एखाद्या प्रशिक्षणातून किंवा परिपत्रकातून पडतो. मग ८ मार्चचे भाषण, भित्तिपत्रकांची स्पर्धा आणि मुलींचा सत्कार एवढ्यावर तो विषय मिटतो. त्यापलीकडे नेमके काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कुठे अडखळायला होते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. डिचोली तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत हे काम केलेल्या शिक्षिकेचा अनुभव त्यामागे आहे. त्यामुळे उदाहरणे गावातल्या शाळेची आहेत. पणजी-मडगावच्या मोठ्या शाळांनी ती आपापल्या मापाने कमी-जास्त करून घ्यावीत.

समावेशक शाळा म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करून घेऊ. शाळेत आलेले मूल मुलगा आहे, मुलगी आहे की या दोन्ही चौकटींत न बसणारे आहे, एवढ्यावरून त्याच्या वाट्याला येणारे मैदान, शौचालय, प्रयोगशाळेतील उपकरण, शिक्षकांचा प्रश्न आणि शिक्षकांची माया यांत कमी-जास्त होऊ नये. ‘गोव्यात असा प्रश्नच नाही’ असे पहिल्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणेल. त्यामागे कारणही असते: पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात मुलीला वारशात मुलाइतकाच वाटा आहे, आणि २०११ च्या जनगणनेत राज्यातील स्त्री-साक्षरता ८४ टक्क्यांच्या वर होती. मात्र त्याच जनगणनेत पुरुषांची साक्षरता ९२ टक्क्यांच्या वर होती, आणि मधल्या सुट्टीत मैदान कोणाच्या ताब्यात असते याचे उत्तर नागरी कायद्यात सापडत नाही. वाद घालत बसू नका. पहिल्या पायरीकडे वळा.

हाताशी काय असावे

खर्चाचे साहित्य फारसे लागत नाही. कागदपत्रे मात्र एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवावीत:

- शाळेचा व मैदानाचा साधा आराखडा आणि त्याच्या काही झेरॉक्स प्रती
- हजेरीपट, जनरल रजिस्टर आणि यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर भरलेल्या माहितीची छापील प्रत
- शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघ यांच्या सदस्यांच्या याद्या व इतिवृत्ताच्या वह्या
- शिक्षण हक्क कायदा २००९, पॉक्सो कायदा २०१२ (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण), गोवा बाल कायदा २००३ आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ यांच्या प्रती
- तक्रार नोंदवही, पानांवर क्रमांक घातलेली

कायद्यांच्या प्रती अधिकृत सरकारी संकेतस्थळावरूनच घ्याव्यात आणि वर्षातून एकदा त्यांत सुधारणा झाली आहे का, ते पाहावे. ट्रान्सजेंडर मुलांच्या शालेय समावेशाबद्दल एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेने २०२१ मध्ये एक प्रशिक्षण पुस्तिका संकेतस्थळावर घातली होती आणि आक्षेप आल्यावर थोड्याच दिवसांत ती काढून घेतली. तिची पीडीएफ अजून हातोहात फिरते. वाचायला हरकत नाही. मात्र शाळेच्या ठरावात तिचा हवाला देऊ नये, कारण पहिला विरोधक नेमके तेवढेच धरून बसतो. ठराव कायद्याच्या कलमावर उभा करावा.

पायरी १: आधी बघा, मग बोला

बहुतेक शाळा भाषणाने सुरुवात करतात. त्याऐवजी एक-दोन आठवडे फक्त निरीक्षण करावे, आणि तेही कागदावर.

पहिले निरीक्षण मैदानाचे. शाळेच्या आराखड्याची प्रत घेऊन मधल्या सुट्टीत व्हरांड्यातील एका जागी उभे राहावे आणि जिथे मुलगा दिसेल तिथे फुली, मुलगी दिसेल तिथे टिंब काढावे. असे वेगवेगळ्या वारी करावे, आणि एकदा पावसात मुले आत अडकलेली असतानाही करावे. आमच्या नकाशात मधली सगळी जागा आठवी-नववीच्या फुटबॉलने व्यापलेली दिसली आणि टिंबे व्हरांड्याच्या पायऱ्यांना चिकटलेली दिसली. यात नवल काहीच नव्हते. नवल होते ते पाण्याच्या नळापाशी: प्रत्येक कागदावर तिथे तीन-चार फुल्या होत्या, आणि त्या त्याच त्या मुलांच्या होत्या. त्यांना फुटबॉल नको होता, मुलींबरोबर पायरीवर बसले तर चिडवले जाई, म्हणून ती मुले पूर्ण सुट्टीभर पाणी पिण्याचे सोंग करीत उभी राहत. हे काम केवळ मुलींसाठीचे नाही, हे शिक्षकवर्गाला त्या कागदाने जितके पटले तितके कोणत्याही व्याख्यानाने पटले नसते.

दुसरे निरीक्षण वर्गातील प्रश्नांचे. एका सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवावे आणि शिक्षकाने कोणाला प्रश्न विचारला, उत्तरासाठी किती वेळ थांबले, उत्तर चुकल्यावर पुढे मदत केली की दुसऱ्याकडे वळले, एवढेच टिपायला सांगावे. पुष्कळदा असे आढळते की मुलाचे उत्तर चुकले तर त्याला ‘पुन्हा विचार कर’ म्हटले जाते, आणि मुलीचे चुकले तर ‘बस, बस’ म्हणून सोडवले जाते. दोन्ही वागण्यांत शिक्षकाचा हेतू चांगलाच असतो.

तिसरे निरीक्षण कामांच्या वाटणीचे. कार्यक्रमाच्या दिवशी बाके कोण उचलते, रांगोळी कोण काढते, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी कोणाला उभे केले जाते, ध्वनिक्षेपकाची वायर कोण जोडते, कार्यक्रम संपल्यावर सभागृह कोण झाडते, याची यादी करावी.

इथला सापळा असा की ही निरीक्षणे म्हणजे आपली तपासणी आहे, असे सहकाऱ्यांना वाटू लागते. त्यासाठी पहिले निरीक्षण मुख्याध्यापकांनी स्वतःच्या तासाचे करवून घ्यावे, आणि शिक्षकांच्या बैठकीत नावे न सांगता फक्त बेरजा मांडाव्यात.

पायरी २: शौचालयापासून सुरुवात करा

वृत्ती बदलायला वेळ लागतो. दाराची कडी आठवड्याभरात बदलता येते. म्हणून प्रत्यक्ष बदलांत शौचालय पहिले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालयांची अट आहे, आणि ‘स्वच्छ विद्यालय’ उपक्रमाच्या मापाप्रमाणे साधारण ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचालय-संच असावा. कागदावर ही अट बहुतेक शाळा पूर्ण करतात. तुम्ही मात्र आत जाऊन पाहा.

आतून कडी बसते का? दुपट्टा किंवा रेनकोट अडकवायला खुंटी आहे का? झाकण असलेला कचऱ्याचा डबा आहे का, आणि तो कोण, कधी रिकामा करते? जुलैत वीज गेल्यावर आत उजेड किती राहतो? चिऱ्याच्या भिंतींना आणि वाटेला शेवाळ धरून घसरण होते का? किल्ली शिपायाकडे असेल आणि मुलीला दर वेळी ती मागून न्यावी लागत असेल, तर ते शौचालय नसल्यातच जमा आहे. अशा शाळेत मुली सकाळपासून पाणी पिण्याचे टाळतात; कोणाला संशय असेल तर त्यांच्या पाण्याच्या बाटल्या दुपारी उघडून पाहाव्यात.

छोट्या सुट्टीची दहा मिनिटे मुलींच्या रांगेला पुरत नसतील, तर तास सुरू असतानाही न विचारता जाण्याची मुभा द्यावी. बाकाजवळची एक ठरलेली चिठ्ठी उचलायची आणि परत आल्यावर ठेवायची, एवढी व्यवस्था पुरते. पहिला आठवडा तिचा गैरवापर होतो, पुढे त्यातली गंमत ओसरते.

सॅनिटरी पॅडचे यंत्र देणगीत मिळत असेल तर घ्यावे, मात्र त्यावर विसंबून राहू नये. आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर बिघडते, नाणी संपतात, आणि भरणारा माणूस येत नाही. शौचालयाच्या आतल्या फडताळात ठेवलेला साधा डबा अधिक उपयोगी पडतो, कारण त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळे टाकण्याची सूचना चित्रासह लावावी. मासिक पाळीविषयीचा तास मुलींना आधी स्वतंत्र द्यावा, म्हणजे त्या मोकळेपणी विचारतील, आणि नंतर मुलामुलींना एकत्र द्यावा. मुलांना बाहेर ग्राउंडवर पाठवून हा तास उरकला, की उरलेले वर्षभर तो विषय कुजबुजीचा राहतो.

ज्या मुलाला मुलांच्या किंवा मुलींच्या शौचालयात जाणे अवघड वाटते, त्याच्यासाठी एक स्वतंत्र, एकट्याने वापरायचे शौचालय उपलब्ध असावे. बहुतेक शाळांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बांधलेले असे शौचालय असतेच, आणि पुष्कळदा त्यात जुनी बाके व झाडू ठेवलेले असतात. ते मोकळे करावे, दिव्यांग मुलांचा अग्रहक्क कायम ठेवावा आणि ज्या कोणाला गरज असेल त्याला वापरू द्यावे. ‘तृतीयपंथी’ अशी पाटी त्यावर लावू नये. चांगल्या हेतूने लावलेली ती पाटी आत जाणाऱ्या मुलाकडे सगळ्या शाळेचे बोट दाखवते.

पायरी ३: नोंदी आणि हाक

हजेरीपटात आधी सगळे मुलगे आणि मग सगळ्या मुली, ही पद्धत केवळ सवयीची आहे. आडनावाच्या किंवा नावाच्या वर्णानुक्रमाने एकच यादी केली, की रांगा, गट, बाके, प्रयोगाच्या जोड्या या सगळ्याच गोष्टी आपोआप मिसळतात. नवीन वर्ष आता एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने ही यादी मार्चमध्येच तयार ठेवावी. वर्ष सुरू झाल्यावर क्रमांक बदलले की चाचण्यांच्या गुणनोंदी विस्कटतात. मुलगे व मुली यांची वेगळी बेरीज वरून मागितली जातेच. ती शेवटच्या पानावर स्वतंत्र काढून ठेवावी.

यूडायस प्लसवर लिंगाच्या रकान्यात मुलगा, मुलगी आणि ट्रान्सजेंडर असे पर्याय आहेत. इथे दोन प्रकारच्या चुका होतात. एक, लिपिक अंदाजाने भरतो. दुसरी अधिक गंभीर: एखादा मुलगा ‘तसा वाटतो’ म्हणून शिक्षक आपल्या मनाने तिसरा पर्याय सुचवतात. हा निर्णय शाळेचा नाही. २०१४ च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या त्या व्यक्तीचा असल्याचे म्हटले आहे, आणि १८ वर्षांखालील मुलाच्या कागदोपत्री ओळखीचा अर्ज पालकांकडूनच जातो. शाळेने हातातील कागदपत्रांप्रमाणे नोंद करावी. नाव आणि लिंग आधारवर एक आणि यूडायसवर दुसरे असले, की ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक अडकतो, म्हणून या नोंदी आठवीतच जुळवून घ्याव्यात. गोवा शालान्त मंडळाकडे दहावीसाठी नाव जाण्याच्या आत जे दुरुस्त होते, ते नंतर फार कटकटीचे होते.

हाकेच्या बाबतीत मराठी थोडी अडचणीची आहे, कारण आपले क्रियापद ‘आलास’ की ‘आलीस’ हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. तरी संपूर्ण वर्गाला सूचना देताना ‘वह्या काढा’, ‘गट करा’, ‘सर्वांनी वर पाहा’ अशी रचना सहज वापरता येते. ‘मुलांनो, उचला बाके, मुलींनो, झाडून घ्या’ हे वाक्य तेवढे बंद करावे.

पायरी ४: गणवेश

गणवेशाचा विषय पहिल्याच महिन्यात काढू नये. पालकांच्या सभेत सर्वाधिक आवाज याच मुद्द्यावर चढतो, आणि मग शौचालयासारखी विनातक्रार होणारी कामेही मागे पडतात.

केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुलींसाठी सारखाच शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी तीन-चतुर्थांश पँट स्वीकारली, तेव्हा ते पालकांच्या सहमतीने आणि लहान मुलांपासून झाले. पुढे २०२१ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील बालुश्शेरीच्या उच्च माध्यमिक शाळेत तसा बदल झाला, तेव्हा विरोधही झाला. माझे मत असे आहे की सर्वांवर एकच पोशाख लादण्यापेक्षा दोन-तीन पर्याय ठरवून, कोणीही त्यातला कोणताही निवडावा असा ठराव करावा. ज्या मुलीला सलवार-कमीज सोयीची वाटते तिला पँट घालायला लावणे हीसुद्धा सक्तीच होय.

सुरुवात पावसाळ्यापासून करावी. जून ते सप्टेंबर शारीरिक शिक्षणाची ट्रॅकपँट आणि टी-शर्ट रोज चालेल, असे परिपत्रक काढले तर कोणीही हरकत घेत नाही, कारण ओला दुपट्टा आणि ओला पिनाफोर दिवसभर अंगावर वाळवणे कोणत्याच आईला आवडत नाही. चार महिन्यांनी मुली ट्रॅकपँट सोडायला तयार नसतात, आणि मग ठराव मांडणे सोपे जाते. केसांचे नियम, बांगड्या, कानातले यांबाबत स्वच्छता व सुरक्षितता एवढाच निकष सर्वांना सारखा लावावा. सध्याचे कापड आणि नवा पर्याय यांच्या किमतीत फरक पडत असेल, तर तो पालकांना आधी सांगावा.

पायरी ५: वर्गातील वाटणी

प्रयोगशाळेत पाहिले तर ब्युरेट मुलाच्या हातात आणि निरीक्षणाची वही मुलीच्या हातात, हे चित्र फार जुने आहे. मुलीचे अक्षर चांगले असते, हे त्याचे समर्थन. गटातील कामे (उपकरण हाताळणारा, नोंद करणारा, वेळ पाहणारा, मांडणी करणारा) फळ्याशेजारी लिहून दर आठवड्याला फिरती ठेवावीत. संगणक कक्षातही माऊस कोणाकडे असतो, ते पाहावे.

प्रश्न विचारण्यासाठी सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्यांचा डबा ठेवावा. हात वर करणाऱ्यांनाच विचारत गेले, की वर्ग पाच-सहा जणांचा होतो.

पाठ्यपुस्तके आपल्या हातात नसतात, उदाहरणे असतात. केरळने २०२४ मध्ये तिसरीच्या पाठ्यपुस्तकात स्वयंपाकघरात नारळ खवणाऱ्या वडिलांचे चित्र छापले. आपल्याला त्यासाठी पुस्तक बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात आदोळीवर (विळीवर) बसलेला बाबा आणि बँकेत हप्ता भरणारी आई आली, की झाले. भिंतीवरील तसबिरींचेही तेच. गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर. मुक्तिलढ्यात भूमिगत नभोवाणी केंद्र चालवणाऱ्या आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळालेल्या लिबिया लोबो सरदेसाई. ज्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली त्या केरीच्या केसरबाई केरकर. साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर. ही नावे जवळची आहेत, आणि आपल्याच आसपासच्या गावांतली आहेत. मात्र ती केवळ महिला दिनाच्या भिंतीवर न लावता इतिहासाच्या आणि संगीताच्या भिंतीवर लावावीत.

पायरी ६: मैदान आणि चतुर्थीच्या स्पर्धा

फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ आहे आणि मैदानावर त्याचा हक्क कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की आठवड्याचे सगळे दिवस तोच का. मैदानाचे वेळापत्रक करावे: काही दिवस मोठ्या मुलांचा फुटबॉल, काही दिवस मुलींचा फुटबॉल, काही दिवस चेंडूविरहित खेळ. ‘मुलींना नको असते’ हे उत्तर मिळेल. चेंडू, बूट आणि प्रशिक्षकाचा वेळ देऊन एक सत्र पाहावे, मग ठरवावे. मैदानाकडे न फिरकणाऱ्या मुलांसाठी व्हरांड्यात कॅरम, बुद्धिबळ आणि वाचनाचा कोपरा असावा, आणि तिथे बसणे ही शिक्षा वाटू नये इतपत ती जागा चांगली असावी.

चतुर्थीच्या सुमारास शाळाशाळांत घुमट आरती आणि फुगडीच्या स्पर्धा सुरू होतात. घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्ये मुलग्यांकडे, फुगडी मुलींकडे, ही वाटणी न बोलता होते. परंपरेचा मान राखूनही इथे दार उघडता येते: शाळेच्या सरावात ज्याला जे शिकायचे असेल त्याला ते शिकू द्यावे, आणि आंतरशालेय स्पर्धेचे नियम जसे असतील तसे संघ पाठवावेत. आमच्याकडे शामेळावरचा हात सर्वांत पक्का असलेली मुलगी सरावात मुलग्यांना ताल धरून देते. नियमांत केवळ मुलग्यांचा किंवा केवळ मुलींचा संघ असे लिहिलेलेच नसते, असेही अनेकदा आढळते. नियमपत्रिका शब्दशः वाचावी. शाळेच्या नाटकात मुलगा स्त्रीपार्टी झाला, तर आपल्या जत्रांच्या रंगभूमीने हे पिढ्यानपिढ्या पाहिलेले आहे, एवढे पालकांना सांगितले की पुरते.

पायरी ७: चिडवणे

‘बायलो’, ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द व्हरांड्यात, बालरथात (शाळेच्या बसमध्ये) आणि क्वचित शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतात. यांना गंमत म्हणून सोडून देऊ नये. शब्द ऐकताच तिथल्या तिथे, आवाज न चढवता एकच वाक्य बोलावे: ‘हा शब्द या शाळेत वापरायचा नाही.’ लांब भाषण केले, की ज्याला चिडवले त्याच्याकडेच सगळा वर्ग वळून पाहतो. दोघांना एकत्र बोलावून हात मिळवायला लावणे हाही असाच सापळा आहे. ज्याने सोसले त्याच्यावर आणखी एक ओझे पडते. चिडवणाऱ्याशी स्वतंत्रपणे, दुसऱ्या दिवशी बोलावे. तेच पुन्हा घडले तर नोंद करावी आणि पालकांना बोलवावे.

छडीचा तर प्रश्नच नाही: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे, आणि गोवा बाल कायदाही शाळांत शारीरिक शिक्षेला मनाई करतो. ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे शिक्षकाचे वाक्यही मानसिक छळाच्या फार दूर नाही.

बालरथाचे चालक आणि मदतनीस, माध्यान्ह आहार आणणाऱ्या स्वयंसाहाय्य गटातील बायका, शिपाई, या सगळ्यांना या विषयाच्या बैठकीत बसवावे. शिक्षकांच्या नजरेआड जे घडते, ते यांना दिसते.

पायरी ८: एखादे मूल तुम्हाला काही सांगते तेव्हा

‘मला मुलगी म्हणून राहायचे नाही’ किंवा ‘मला सगळे मुलगा समजतात, पण मी नाही’ असे एखादे मूल सांगेल. बहुधा ते मुख्याध्यापकांना सांगणार नाही. चित्रकलेच्या किंवा ग्रंथालयाच्या शिक्षकांना, चालता चालता सांगेल. अशा वेळी काय करावे हे सर्व शिक्षकांना आधीच माहीत असावे.

ऐकून घ्यावे. ‘हे वय असेच असते, जाईल’ असे म्हणू नये, आणि उत्साहाच्या भरात त्याच्यासाठी नवा शब्दही ठरवून टाकू नये. ‘तुला शाळेत कुठे त्रास होतो?’ एवढे विचारावे. उत्तरे पुष्कळदा साधी असतात: रांगेतली जागा, शौचालय, कपडे बदलण्याची खोली, एखादे टोपणनाव. ती त्याच आठवड्यात सोडवता येतात आणि त्यासाठी कोणताही दाखला लागत नाही.

मुलाच्या संमतीशिवाय ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत, व्हॉट्सॲप गटावर किंवा थेट घरी पोचवू नये. गाव लहान असते. सकाळी शाळेत बोललेले दुपारपर्यंत तिठ्यावरच्या दुकानात पोचते. घरी सांगायचे असेल तर कसे, कोणाला आणि कधी, हे मुलाबरोबर बसून ठरवावे. मूल स्वतःला इजा करील किंवा घरी मारहाण होईल अशी चिन्हे असतील, तर मात्र गुप्ततेपेक्षा सुरक्षितता मोठी. हेही मुलाला आधीच सांगून ठेवावे. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांची भेट घडवावी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक शौचालयाच्या दारामागे लावावेत, कारण तिथे ते कोणी पाहत नसताना टिपून घेता येतात.

कायद्याचा आधार असा: ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याचे कलम १३ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेवर ट्रान्सजेंडर व्यक्तींना भेदभावाविना शिक्षण, खेळ व मनोरंजनाच्या संधी देण्याची जबाबदारी टाकते, आणि कलम ११ प्रमाणे संस्थेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. हे नाव सूचनाफलकावर लावलेले असावे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधील ‘लिंगसमावेशन निधी’च्या तरतुदीतही मुलींबरोबर ट्रान्सजेंडर मुलांचा उल्लेख आहे, धोरणाचा हवाला हवा असेल तर तो इथे आहे.

पायरी ९: पालक

पालकांना हा विषय ‘लिंगसमावेशन’ या नावाने सांगितला तर अर्धी सभा संशयाने पाहते. ‘शौचालयाची दुरुस्ती, मैदानाचे वेळापत्रक आणि चिडवण्याला आळा’ अशी कार्यक्रमपत्रिका काढली, तर तीच माणसे सूचना करू लागतात. यात लपवाछपवी काही नाही. काम तेच आहे, आणि ते त्यांच्या मुलांच्या रोजच्या दिवसाशी जोडून सांगितले आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. महिला सदस्यांची नावे असतात आणि सह्या घरी पाठवून घेतल्या जातात, हा अनुभव अनेकांचा असेल. बैठक दुपारी स्वयंपाकाच्या वेळेला ठेवू नये, आणि लहान मूल घेऊन आलेल्या आईला बसायला जागा असावी. विरोध करणाऱ्या पालकाला सभेत उत्तर देण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावून मैदानाचा नकाशा दाखवावा.

एकशिक्षकी प्राथमिक शाळेत यातले बरेच काही गैरलागू आहे. तिथे पायरी २, ३ आणि ७ एवढ्याच धराव्यात, आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या भेटीत शौचालयाचा विषय लेखी द्यावा.

पायरी १०: तक्रार आली तर

लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका आल्यास पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. शाळेने ‘आधी आपण चौकशी करू’ असे म्हणून समिती बसवणे, मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावणे, किंवा दोन्ही घरांत समेट घडवणे, यांतले काहीही करू नये. मुलाने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहावे, वेळ व तारीख घालावी, सही करावी आणि कळवावे. मुलगाही पीडित असू शकतो, आणि कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही; पोलिसांत जाण्याबाबत मुलग्याच्या पालकांना अधिक धीर द्यावा लागतो. मुलाचे नाव बाहेर जाणार नाही याची जबाबदारी शाळेवरही आहे.

शिक्षिका व महिला कर्मचाऱ्यांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती लागते. तिच्या अध्यक्ष महिला असतात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो. ही समिती आणि विद्यार्थ्यांची तक्रारपेटी यांची सरमिसळ करू नये. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर ठेवली तर ती रिकामीच राहते. ग्रंथालयात ठेवावी, आणि ठरलेल्या दिवशी दोघांनी मिळून उघडावी.

पायरी ११: नकाशा पुन्हा काढा

दुसऱ्या सत्राच्या शेवटी मैदानाचे, प्रश्नांचे आणि कामांच्या वाटणीचे तेच निरीक्षण, त्याच पद्धतीने, शक्यतो त्याच माणसांनी करावे. जुने आणि नवे कागद शेजारी ठेवून शिक्षकांच्या बैठकीत पाहावेत. काही ठिकाणी काहीच बदललेले नसेल. त्यातली एखादी गोष्ट पुढच्या वर्षासाठी निवडावी, सगळ्या नव्हे.

सरकारी शाळांत मुख्याध्यापकांची बदली झाली की असे काम बहुधा त्यांच्याबरोबर जाते. म्हणून ठरावांच्या प्रती, नकाशे, मैदानाचे वेळापत्रक, तक्रार अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे पत्र आणि शौचालयाच्या देखभालीची वही ही सगळी कार्यभार हस्तांतराच्या यादीत क्रमांक घालून नोंदवावी. एखाद्या मुलाने विश्वासाने सांगितलेली माहिती मात्र या फाइलमध्ये ठेवू नये. ती पुढच्या शिक्षकांना सांगायची की नाही, हे त्या मुलाला विचारूनच ठरवावे.